वाचून न दाखवलेला धडा

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. पोराजवळ नाही, विहारातल्या बायांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला पाहिजे होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणून तर तुमच्यापुढे हे लिहून मांडायची हिंमत होते आहे. ओळखीचं माणूस समोर बसलं की मी भलतंच बोलत सुटते. गुडघे, वांग्यांचा भाव, कोणाच्या सुनेनं काय केलं. बोलण्यात मला कोणी हरवू शकत नाही, यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्यात कोणालाही विचारा. पण ही एक गोष्ट ओठाशी आली की — नाही येत बाहेर.

तर बसा जरा. आधी वनमालेचं सांगते, मग माझं. माझं आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

वनमाला माझी धाकटी जाऊ. आमची घरं लागून, अंगण एकच. माझा दीर ट्रकवर असतो, आज रायपूर तर उद्या हैदराबाद, घरी पाहुण्यासारखा येतो. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून नागपूरला. म्हणजे त्या अंगणात खरं तर आम्ही दोघीच. ती मला बाई म्हणते, मी थोरली म्हणून, आणि मी तिला वने.

ती लग्न होऊन आली तेव्हा चौथी शिकलेली होती आणि मी अंगठा लावणारी. यवतमाळच्या स्टँडवर उभ्या असलो की ती माझ्याकडे वळून म्हणायची, "बाई, सांगा बरं, त्या गाडीच्या पाटीवर काय लिवलं हाये?" आणि हसायची. दुष्टपणानं नाही, थट्टेखोरच होती ती. मीही हसायचे. पण घरी आल्यावर मुलाचं पहिलीचं पुस्तक घेऊन चुलीपाशी बसायचे. तो पाढे म्हणायचा, मी राखेत अक्षरं गिरवायचे. भज्यांचा कागद, रेशन दुकानाची पाटी, औषधाच्या डबीवरचं बारीक — हाती लागेल ते वाचलं. कोणी शिकवलं नाही. चीड आली होती म्हणून शिकले, हे खरं.

आणि अशी शिकले की पुढे विहारात वाचायला लागले. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज ग्रंथवाचन असतं. एकजण वाचतं, बाकीचे ऐकतात. ते वाचणं माझ्याकडे आलं ते अजून माझ्याकडेच आहे. माझी एक रीत आहे — ओळ सोडायची नाही. अवघड शब्द आला, जीभ अडखळली, तर थांबायचं, चष्मा पुसायचा, परत वाचायचं. कारण ऐकणाऱ्याच्या हाती पुस्तक नसतं ना? तुम्ही काय गाळलं ते त्याला कसं कळणार? तो तुमच्या तोंडाकडे पाहत बसलेला असतो. एवढा भरवसा कोणी ठेवला आणि तुम्ही ओळ सोडली तर ते म्हणजे — असो. येईलच ते.

वनमालेला पहिला झटका आला तो बाजारात. हातात मेथीची जुडी, भाव करत होती, आणि एकदम जुडी टाकून तिनं माझा दंड धरला. छाती धडधडते, हातापायांना मुंग्या, पोलकं घामानं ओलं. "बाई, मी चालली. सोनलले सांगजा," एवढंच म्हणाली आणि तिथेच कांद्याच्या ढिगाला टेकून बसली. सोनल तिची मुलगी, पुसदला दिलेली. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. आम्ही हसत घरी आलो.

मग बसमध्ये झालं. मग विहारात, ऐन वंदनेच्या वेळी. मग नुसतं "बाजारात येतं काय?" विचारलं तरी व्हायला लागलं. जी बाई एकटी नांदेडला जाऊन साड्यांचे गठ्ठे आणायची आणि घरोघर विकायची, तिला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची भीती वाटू लागली. शेवटी फाटकाबाहेर पायच टाकेना. टाकलाच तर पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांची पट्टी, शेजारच्या कांताबाईनं हुंगायला दिलेला फोडलेला कांदा — आणि बाजूला मी. मी नसले तर नाहीच.

मनाच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, पॅनिक. म्हणाले, हे नाटक नाही, आजार खरा आहे, पण त्यात जीव जात नाही. एमआयडीसीतला भोंगा बिघडून अवेळी वाजावा, तसं शरीर कारण नसताना भोंगा वाजवतं. गोळ्या दिल्या, त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत म्हणून बजावलं, आणि सांगितलं की यावर फोनवर शिकायचे धडेही असतात, मराठीतले, ते नेटानं केले तर माणूस पुन्हा बाहेर पडतं. सोनलनं येऊन ते धडे आईच्या फोनमध्ये घालून दिले.

पण धडे वाचायचे कोणी? वनमालेला वाचता येत होतं हो. पण धडाच धडधडीबद्दल, त्यामुळे दोन ओळी वाचल्या की हिची छाती धडधडायला लागे. "अक्षरं नाचून राह्यले बाई. तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून आयकलं म्हणजे भेव नाई वाटत." पाटी वाचायला लावणारी वनमाला मला म्हणत होती, तुम्हीच वाचा. काय वाटलं असेल मला? गोड वाटलं. लपवू कशाला.

पहिल्याच पानावर विचारलं होतं — धडे तुमचे तुम्ही करणार, की दर आठवड्याला एका समुपदेशकानं फोन करून विचारपूस करावी? बाजूला एका हसऱ्या पोरीचं चित्र होतं. वनमाला म्हणाली, "येऊ द्या काय त्या पोरीचा फोन? बोलून पाहाले काय जाते?"

"कायले वं?" मी म्हणाले. "घरच्या गोष्टी परक्या पोरीले सांगशील? मी हाये ना."

आणि ती हो-नाही म्हणायच्या आत माझ्या बोटानं 'माझे मी करणार' वर दाबलं. तिचं ती! तिच्या मांडीला मांडी लावून मी बसले होते. त्या वाटेत खोट नव्हती, तसं करूनही लोक बरे होतात, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण ती वाट तरी वनमालेला मिळाली कुठे? ना तिची एकटीची, ना जाणत्या माणसाच्या सोबतीची. मध्ये मी ठाण मांडलं.

सुरुवातीचे धडे मी अगदी ग्रंथासारखे वाचले बरं. एक अक्षर गाळलं नाही. त्यात एक गमतीचा होता — धडधड येण्याची वाट पाहू नका, मुद्दाम आणा. गोल फिरा, जागीच पळा, आणि धडधड सुरू झाली की पळून जाऊ नका, बसा तिच्याकडे पाहत. ती आपोआप उतरते. तर आम्ही दोघी भरदुपारी अंगणात गरगर फिरतो आहोत आणि भिंतीवरून कांताबाई डोकावते, "काय वं, या वयात फुगडी? ट्रकवाल्याले सांगू काय?"

वनमाला धापा टाकत म्हणाली, "सांगा ना! अन् त्यालेबी आणा फिराले!"

त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी हसली. आणि छातीची धडधड तिथेच, जागच्या जागी उतरली. तिनं माझ्याकडे पाहिलं — लहान पोरानं पहिल्यांदा सायकल चालवून पाहावं तसं.

मग फाटक झालं, किराणा दुकान झालं, ऑटो, बाजार. एक दिवस बसनं आर्णीला जाऊन चहा पिऊन आलो. रस्त्यानं लोक म्हणत, "निघाली जोडी." सकाळी उठले की तिचा आवाज भिंतीपलीकडून — "बाई, झालं काय तुमचं?" मालक गेल्यापासून माझी कोणी वाट पाहिली नव्हती. मुलगा रविवारी फोन करतो, जेवली का विचारतो, ठेवतो. आणि इथे एक चांगली धडधाकट बाई माझ्याशिवाय चप्पल घालत नव्हती. तुम्हाला कळतंय का मी कशाकडे चालले आहे ते? मलाही तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

मग तो धडा आला.

माझी सवय — ग्रंथ असो की धडा, आधी एकदा डोळ्यांनी वाचायचा, मग मोठ्यानं. तो मी आधी डोळ्यांनी वाचला. लिहिलं होतं, ज्याच्या आधारानं तुम्ही बाहेर पडता ते एकेक करून घरी ठेवायला शिका. पाण्याची बाटली. काही हुंगायची वस्तू. ती जवळ असेपर्यंत मन म्हणत राहतं, हिच्यामुळे वाचलो. गोळ्या वेळच्या वेळी घ्या, पण पट्टी मुठीत धरून फिरू नका. आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात — सोबतीचं माणूस. ते कितीही मायेचं असो, आता त्याला सांगा, तुम्ही घरी थांबा. सोबतीच्या माणसालाही उद्देशून दोन ओळी होत्या. तुम्हाला वाईट वाटेल. तरी थांबा.

वनमाला समोर बसलेली, माझ्या तोंडाकडे पाहत.

मी मोठ्यानं वाचलं. बाटलीचं वाचलं. हुंगायच्या वस्तूचं वाचलं, आणि उठून कांताबाईचा तो कांदा तिच्या पिशवीतून काढून बाहेर भिरकावला. कडक मास्तरणीसारखी म्हणाले, "धडा म्हणते म्हणजे करा लागते." तिनं मान हलवली. मग तो परिच्छेद आला. आणि मी बोटानं पान वर सरकवलं.

झालं. एवढंच. बोट हललं.

"सरला काय धडा?"

"सरला."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. माझा आवाज चाचरेल, ती म्हणेल, बाई, मध्येच कशा थांबल्या? काही नाही. ती चहा ठेवायला उठली. चहात साखर जास्त घातली, मला आवडते म्हणून.

तुम्ही म्हणाल, एक परिच्छेद तर गाळला. मीही स्वतःला तसंच सांगत होते. पुढे वाचू, आत्ता तिची तयारी नाही, घाई केली तर बिघडेल. आणि तिची तयारी आहे की नाही हे ठरवणारी मी कोण होते? एका फोननं हे उघडं पडलं असतं. त्या समुपदेशक पोरीनं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, बाजारात गेलात तेव्हा सोबत कोण होतं? म्हणूनच तर मला तो फोन नको होता. पहिल्या दिवशी मला हे इतकं स्वच्छ माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. थोडं माहीत होतं.

पण अजून मी मुद्द्यावर आलेच नाही. टाळते आहे, दिसतंय ना?

त्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मुलगा नागपूरला घेऊन गेला. डोळ्याला पट्टी, पलंगावर पडलेली, सून हातात आणून देते आहे. तेव्हा वनमालेचा फोन आला. तिची म्हातारी आई ढाणकीला, तिच्या भावाकडे राहायची.

"बाई, मायचा फोन आलता. जीव घाबरते म्हणते, एकदा येऊन जाय म्हणते. मी स्टँडवर आली हाये. उमरखेडची गाडी लागली. एक पाय पायरीवर ठेवला अन् — बाई, तुमच्याबिना नाई होत."

तिच्या मागे गाड्या पुकारल्याचा आवाज येत होता. म्हणजे ती घरातून एकटी निघाली होती. ऑटोनं एकटी आली होती. स्टँडच्या गर्दीतून एकटी गाडीपर्यंत गेली होती. एक पाय पायरीवर होता. दुसराच तेवढा उचलायचा होता.

आणि मला बरं वाटलं.

हेच ते. हे सांगायला एवढा फेरा घेतला. तिची आई बोलावते आहे, ती स्टँडवर थरथरते आहे, आणि मला आतून बरं वाटलं. तुमच्याबिना नाई होत. किती वर्षांनी कोणी मला असं म्हटलं होतं? मी ते वाक्य एकदा ऐकून पुन्हा म्हणवून घेतलं. "काय म्हणतं? गाड्यांचा आवाज होऊन राह्यला," म्हणाले. ऐकू आलं होतं मला. चांगलं ऐकू आलं होतं.

त्या वेळी सांगता आलं असतं, वने, एक परिच्छेद मी वाचलाच नाही, माफ कर, चढ गाडीत. सांगता आलं असतं, उचल दुसरा पाय, फोन चालू ठेव. मी काय सांगितलं? "घरी जाय. मी येऊन राह्यली थोड्या दिवसात. माझ्याबिना तं कुठीच जाऊ नको."

ती माझं ऐकते. ती घरी गेली.

मी परत येईपर्यंत तिच्या आईला लकवा मारला. आम्ही दोघी ढाणकीला पोचलो तेव्हा म्हातारीची वाचा गेली होती. माणूस ओळखत होती, डोळ्यांत कळत होतं. लेकीचा हात धरून ती काहीतरी सांगत राहिली, आवाज निघायचा, पण शब्द होत नव्हता. वनमाला कान तिच्या तोंडाशी नेऊन म्हणत होती, "काय माय? काय म्हणतं? पुन्हा सांग." आणि मी दारात उभी, तिची पिशवी धरून. सोबत म्हणून.

येताना बसमध्ये वनमालेनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून पोचली तरी."

पुढे म्हातारी गेली. काय सांगायचं होतं ते तिच्यासोबतच गेलं. वनमाला अजूनही भाजी निवडता निवडता मध्येच थांबते आणि विचारते — माझ्याजवळच विचारते — "बाई, काय म्हणत असन माय?" मी म्हणते, तुझी खुशाली विचारत असेल. दुसरं काय म्हणू?

वर्षावास लागला, ग्रंथ माझ्यापुढे आला. वाचनाआधी आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते माझ्या तोंडून सगळ्यांच्या पुढे, मोठ्या आवाजात निघतं आणि मागून सगळे म्हणतात. त्या दिवशी ते म्हटलं, ग्रंथ उघडला, बोट ओळीवर ठेवलं, आणि बोट पुढे सरकेना. सगळ्यांना वाटलं, बाईच्या डोळ्याला त्रास होतो आहे. कोणीतरी पाणी आणलं. वनमाला पुढच्याच सतरंजीवर होती, नेहमीसारखी माझ्या तोंडाकडे पाहत. त्याच पाहण्यानं मला वाचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून मी फोन मागितला, मागचा तो धडा काढला आणि परिच्छेद मोठ्यानं वाचला. सगळा. तुम्ही घरी थांबा, इथपासून तरी थांबा, इथपर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "हा नवीन आला वाटते?"

मी "हो" म्हणाले.

बघा. तिनं दार उघडून दिलं होतं आणि मी पुन्हा आत सरकले. खरं सांगायला तेवढा एक शब्द बदलायचा होता — "नाही" म्हणायचं. मी "हो" म्हणाले.

नंतर सोनलला मुलगा झाला आणि वनमाला पुसदला निघाली. एकटी. मी स्टँडपर्यंत गेले. खिडकीतून म्हणाली, "बाई, तुम्ही जा आता घरी. धड्यात तसंच लिवलं हाये ना?" आणि पाटी दाखवून, कितीतरी वर्षांनी तीच जुनी थट्टा — "वाचा बरं, बरोबर गाडीत बसली ना मी?" मी वाचलं. पुसद. खांबाआड उभी राहिले, गाडी वळून जाईपर्यंत. पोचल्यावर तिचा फोन आला. दिग्रसच्या अलीकडे छाती धडधडायला लागली म्हणे. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, धडधडू देल्ली."

पुसदहून आल्यावर विहारात ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं की मी फाटकाबाहेर पडत नव्हती, बाईनं मला एकेक धडा वाचून दाखवला, बाईमुळे मी उभी आहे. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

आता त्या फोनमध्ये तिनं स्वतः बोटानं दाबून समुपदेशकाचा फोन मागून घेतला आहे. आठवड्यातून एकदा ती पोरगी बोलते. फार काही सांगत नाही म्हणे, विचारते जास्त. भिंतीपलीकडून वनमालेचं हसणं ऐकू येतं. साड्या आणायला पुन्हा नांदेडला जायचं म्हणते.

तिची ती थट्टा, माझं एकटेपण, नवऱ्याविना रिकामं घर — हे सगळं मी वर लिहिलं, कारण ते होतं. कारण म्हणून पुढे करत नाही. तिला एक पाय उचलायचा होता आणि मी तिला घरी पाठवलं. त्यात ढाणकीचा तो एक शब्द गेला. तो मला कुठूनही आणून देता येणार नाही.

वनमाला आता स्वतः वाचते. बोट ठेवून, ओठ हलवत, हळूहळू. हे मासिकात छापून आलं तर तो अंक विहाराच्या टेबलावर येईल, तिच्या हाती पडेल. म्हणेल, बाई, तुमचं हाये ना, वाचून दाखवा. मी दाखवणार नाही. तिची ती वाचेल, शेवटच्या ओळीपर्यंत. मी माझ्या घरी थांबेन.